मराठीत वाचायचंय, पण काय? नव्या वाचकासाठी वाटाड्या

मराठी वाचायला सुरुवात करायची म्हटलं की कुणी ना कुणी एक यादी पाठवतं. 'मृत्युंजय', 'ययाति', 'स्वामी', 'कोसला', 'पानिपत'. यादीला नावं ठेवावीत असं काही नाही, फक्त ती बरीच वर्षं वाचत आलेल्या माणसाने केलेली असते. नवखा वाचक त्यातलं सगळ्यात गाजलेलं, म्हणजे बहुधा सगळ्यात जाड पुस्तक उचलतो, साठ-सत्तर पानांवर अडकतो आणि "आपल्याला काही वाचनबिचन जमत नाही" असा निकाल देऊन मोकळा होतो. वाचन जमत असतं. पुस्तक फार लवकर हातात आलेलं असतं.

म्हणून 'मरण्यापूर्वी वाचावीत अशी शंभर पुस्तकं' इथे मिळणार नाहीत. एक पुस्तक आवडलं की त्याच्या आधाराने पुढचं कसं शोधायचं, तेवढं सांगतो. नावं भरपूर येतील. सगळी लिहून घेऊ नका. ज्या नावापाशी थांबावंसं वाटेल तेवढंच टिपून ठेवा.

पायरी १ : पडद्यावरून पुस्तकाकडे या

सिनेमा पाहून मग पुस्तक वाचणं कमीपणाचं समजणारी माणसं भेटतील. खुशाल दुर्लक्ष करा. ज्या गोष्टीत जीव आधीच अडकलेला आहे तिचं पुस्तक निम्मं सोपं झालेलं असतं.

२०२५ साली गाजलेला हिंदी 'छावा' शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. 'बाजीराव मस्तानी'मागे ना. सं. इनामदारांची 'राऊ' आहे. 'दुनियादारी' सुहास शिरवळकरांची, 'शाळा' मिलिंद बोकिलांची, 'नटरंग' आनंद यादवांची. 'जोगवा' राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांवरून आला. 'सिंहासन' हा १९७९चा राजकीय चित्रपटही अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. 'जैत रे जैत'ची गाणी पाठ असलेल्या कितीतरी जणांना ती गोष्ट गो. नी. दांडेकरांची आहे हे ठाऊक नसतं.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. 'तुंबाड' पाहून भारावलेले काही जण श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' घरी आणतात आणि चक्रावतात. चित्रपटाने नाव तिथलं घेतलं, पण त्यातली भीती मुख्यतः नारायण धारपांच्या कथेतून आली आहे. पेंडशांची कादंबरी म्हणजे कोकणातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची दोन खंडांतली गोष्ट. फार चांगली आहे, पण चित्रपटातल्या हस्तर या राक्षसाला शोधत गेलात तर तो तिथे सापडायचा नाही.

पुस्तक वाचून झालं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: आवडलं ते जग, की सांगण्याचा वेग? समजा 'दुनियादारी' आवडली. कॉलेजचा कट्टा, मैत्री, ते वय यांत रमला असाल, तर पुढे 'शाळा' घ्या आणि तीही आवडली तर मग 'कोसला'. पानं भराभर उलटत गेली याची मजा आली असेल, तर शिरवळकरांच्याच रहस्यकथांकडे वळा. एकाच पुस्तकातून दोन वेगळ्या वाटा फुटतात, आणि दुसऱ्याची वाट आपल्या कामाची असेलच असं नाही. "ते आवडलं तर हेही आवडेल" असं कुणी ठामपणे सांगायला लागलं, तर आधी त्याला तुमचं उत्तर सांगा.

पायरी २ : पहिली चार-पाच पुस्तकं बारीक घ्या

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) नव्या वाचकाला मी डोळे मिटून देतो. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, एवढीच सुरुवात. वाक्यं लहान, फापटपसारा नाही, आणि दोन-तीन बैठकींत संपते. त्यांचीच 'माणदेशी माणसं' आणखी सोयीची, कारण तिच्यात एकेका माणसाचं शब्दचित्र आहे. एक वाचायचं आणि ठेवून द्यायचं. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ति आणि वल्ली'ही असंच कुठूनही उघडता येतं.

इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची अडचण निराळी असते. भाषा येते, पण देवनागरी वाचायला वेळ लागतो आणि तोवर गोष्टीतला रस आटतो. त्यांनी कानापासून सुरुवात करावी. पु. लं.नी स्वतः वाचलेला 'अंतू बर्वा' किंवा 'नारायण' आधी ऐका, मग पुस्तक उघडून तोच लेख वाचा. आवाज डोक्यात असतो, त्यामुळे डोळे पुढे पळतात. हे मोठ्या माणसांनाही लागू पडतं, लहान मुलांपुरतं नाही. वाचनाचा वेग वाढेपर्यंत 'किशोर' मासिक हाताशी ठेवा. बालभारती ते १९७१पासून काढते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. चाळिशीच्या माणसाने 'किशोर' वाचायला लाज वाटण्याचं काही कारण नाही; भल्याभल्या लेखकांनी त्यात लिहिलंय.

बोलीभाषेने बिचकू नका. माणदेशी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, लेवा गणबोली यांतलं पहिलं पान डोळ्यांनी अवघड वाटतं. तेच मोठ्याने वाचलं की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. पाच-सहा पानांनंतर ती अडचण उरत नाही.

पायरी ३ : प्रकारांची ओळख करून घ्या

दुकानातल्या फळ्यांवर 'कादंबरी', 'कथा', 'चरित्र', 'ललित' अशा पाट्या असतात. त्या दुकानदाराच्या सोयीच्या. वाचकाच्या सोयीने बघायचं तर असं:

*इतिहास आणि पुराण.* मराठीतला सगळ्यात खपाचा कप्पा. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) माधवराव पेशव्यांवर आहे आणि या गटातली सुरुवातीला सगळ्यात सोपी. तिला १९६४चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, तरी ती जड बिलकूल नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) त्यानंतर. 'मृत्युंजय' (१९६७) कर्णावर आहे. तिची भाषा भरजरी; ज्यांना तसली भाषा आवडते ते तिच्या प्रेमातच पडतात, ज्यांना नाही त्यांना ती दमवते. दोन्ही प्रकारचे वाचक मी पाहिलेत आणि दोघांचंही चुकत नाही. त्याच महाभारताकडे डोळे उघडे ठेवून पाहायचं असेल तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्या. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण अशा एकेकावरचे निबंध आहेत, आणि 'मृत्युंजय'नंतर लगेच वाचलं तर दोन कर्णांतला फरक पाहून गंमत वाटते.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे एकदा सांगून ठेवायला हवं, कारण आपल्याकडे या दोहोंवरून भांडणं होतात. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं काही वाचायचं असेल तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ साली. कुठल्याही कादंबरीइतकं खिळवून ठेवतं.

*विनोद.* चिं. वि. जोशींचे चिमणराव, पु. लं.ची 'बटाट्याची चाळ', द. मा. मिरासदार आणि शंकर पाटलांच्या गावाकडच्या कथा. शंकर पाटलांची 'धिंड' ऐकायला मिळाली तर आधी ऐका. काही विनोद आता जुने वाटतील; ती पानं उलटून पुढे जा.

*रहस्य, भय, विज्ञान.* या कप्प्यावर समीक्षकांनी फारसं प्रेम केलं नाही. वाचकांनी मात्र भरभरून केलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक एका अख्ख्या पिढीने वर्गात बाकाखाली लपवून वाचले. आज ती पुस्तकं वाचताना भाषा जुनी वाटते, पण गोष्ट पुढे नेण्याची हातोटी अजून दिसते. भयकथेत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं पुरेशी आहेत, आणि दोघांची जातकुळी वेगळी. धारपांकडे बाहेरून काहीतरी अघोरी येतं आणि त्याच्याशी सामना होतो. त्यांच्या 'समर्थ' कथा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मतकरींच्या गूढकथांत भीती घरातच असते, कधी शेजारच्या खोलीत, कधी माणसाच्या डोक्यात. 'खेकडा' रात्री एकट्याने वाचून पाहा. धारप आवडले म्हणून मतकरी आवडतीलच असं समजू नका, एकेक कथा वाचून ठरवा. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचं नाव या वाटेवर हमखास भेटतं.

विज्ञानकथेत जयंत नारळीकरांपासून सुरुवात करायची, याबद्दल वाद नसावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही ना. वि. जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये, हा हेतू. बक्षीस मिळालंच. 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आधी, मग 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'. त्यापुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे. उद्याच्या जगाचं जरा कडवट चित्र पचणार असेल तर नंदा खरे यांची 'उद्या'. तिला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता आणि खऱ्यांनी तो घेतला नाही.

*आत्मचरित्र.* मला विचाराल तर मराठीचं सगळ्यात मोठं धन इथे आहे, कादंबरीत नाही. आणि नव्या वाचकाला ही पुस्तकं सोपी जातात, कारण कुणीतरी समोर बसून "माझं असं झालं" म्हणून सांगत असतं.

पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेची पायरी न चढलेली बाई, नवरा कवी आणि लहरी, आणि तो एके दिवशी ख्रिस्ती होतो. एवढ्या ओझ्याखालीही लिहिण्यात रडगाणं नाही, उलट जागोजागी हसू फुटतं. हे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात आले आणि त्यांतलं बोलणं आजही ताजं आहे. जुन्या मराठीची भीती वाटणाऱ्याने याचीच दहा पानं वाचावीत.

मग दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). दलित आत्मकथनांना त्याने वाट मोकळी करून दिली. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ही त्यामागोमाग आलेली. बायकांनी लिहिलेली त्यात मुद्दाम शोधा: बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. घरातल्या आणि समाजातल्या पुरुषांकडे या दोघी जशा रोखून पाहतात, तसं इतरत्र सहसा दिसत नाही. ही पुस्तकं एकामागून एक वाचू नका. एक वाचलं की मध्ये काहीतरी हलकं घ्या. जड विषय सलग वाचले की मन बोथट होतं आणि पाचव्या पुस्तकावर अन्याय होतो.

पु. लं.च्या पत्नी सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०) पु. ल. वाचल्यानंतरच घ्या. उलटा क्रम केलात तर पु. ल. वाचताना उगाच तपासणी सुरू होते. नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडल्या असतील तर त्यांचं 'चार नगरांतले माझे विश्व' आहेच. दुसऱ्याने लिहिलेल्या चरित्रांत वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१) शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत कुणालाही देता येतं.

*गाव, शहर आणि आजचे लेखक.* जुनी नावं एवढी मोठी आहेत की त्यांच्या सावलीत आजचं लिखाण दिसेनासं होतं. सदानंद देशमुखांची 'बारोमास' शेतकऱ्याच्या घरातली कोंडी दाखवते. कृष्णात खोतांची 'रिंगाण' धरणाने उठवलेल्या माणसांची आणि त्यांच्या जनावरांची. आसाराम लोमट्यांच्या 'आलोक'मध्ये मराठवाड्यातलं गाव भेटतं. शहरातल्या तरुण माणसाचं जगणं हवं असेल तर प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स'. बाईच्या बाजूने सांगितलेली गोष्ट हवी तर गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे, आणि कविता महाजनांची 'ब्र'. यांत माझी पहिली शिफारस 'ब्र'. तिचा वेग चांगला आहे आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचं जग आपल्याला सहसा दिसत नाही.

जी. ए. कुलकर्णी हे नाव कुणीतरी नक्की घेईल. घ्या, पण जरा थांबून. 'काजळमाया'मधली एखादी कथा महिन्याभरात दोनदा वाचायची तयारी झाली, की ती वेळ आली असं समजा.

*निसर्ग.* दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) महिन्यांप्रमाणे मांडलेलं आहे. चैत्र लागला की चैत्राचा लेख, वैशाखात वैशाखाचा, असं वर्षभर वाचा. सलग वाचलंत तर पक्वान्नावर पक्वान्न होतं. रानात शिरायचं असेल तर मारुती चितमपल्ली.

*कविता आणि नाटक.* कवितेला प्रकारानुसार शोधू नका. बहिणाबाई, कुसुमाग्रज, इंदिरा संत, मर्ढेकर, सुरेश भट, ग्रेस, कोलटकर, ढसाळ यांची एकेक कविता वाचा. ज्याची पुन्हा आठवण येईल त्याचा संग्रह घ्या. नाटक शक्यतो आधी पाहा, मग वाचा. तेंडुलकर आणि एलकुंचवार मात्र नुसते वाचतानाही उभे राहतात.

*अनुवाद.* मराठीत वाचायचं म्हणजे मराठी लेखकच वाचायचे, असं काही नाही. कन्नड कादंबरीकार भैरप्पा महाराष्ट्रात घरचे झाले ते उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे. अनुवाद घेताना अनुवादकाचं नाव बघायची सवय लावा. दोन पानं वाचून वाक्यं अडखळत असतील तर ते पुस्तक मूळ लेखकाच्या मोठेपणावर घेऊ नका.

पायरी ४ : ग्रंथालयात जाऊन लोक काय वाचतात ते पाहा

इंटरनेटवर 'लोकप्रिय' म्हणून जे दिसतं त्यात जाहिरात किती आणि वाचक किती, हे कळत नाही. ग्रंथालयात कळतं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. तालुक्याच्या गावी एक तरी असतंच. काही तर फार जुनी: रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. थोडी अनामत आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरायची. एका नव्या पुस्तकाच्या किमतीत बहुतेक ठिकाणी काही महिने निघतात.

आत गेलात की कपाटांकडे नंतर बघा. आधी परत आलेली पुस्तकं जिथे ठेवतात ते टेबल पाहा. गेल्या दोन दिवसांत गावाने काय वाचलं ते तिथे पडलेलं असतं. मग एखादं पुस्तक उचलून शेवटचं पान उघडा. जिथे अजून तारखांची चिठ्ठी चिकटवतात, तिथे ती शिक्क्यांनी भरलेली असेल तर पुस्तक फिरतंय. चिठ्ठी कोरी असेल तर दोन शक्यता: पुस्तक वाईट, किंवा अजून कुणाच्या नजरेस पडलेलं नाही. दुसऱ्या शक्यतेपायी अधूनमधून एखादं कोऱ्या चिठ्ठीचंही घरी न्या.

देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाशी ओळख करा. "काहीतरी चांगलं द्या" असं म्हणालात तर तो समोर असेल ते देईल. "मला 'बनगरवाडी' आवडली, 'ययाति' अर्धी सोडली" असं सांगा. आवडलेलं एक आणि सोडलेलं एक, ही जोडी सांगितली की अनुभवी ग्रंथपाल फारसा चुकत नाही. मावशी, काका, शाळेतल्या बाई, कुणालाही विचारताना हीच रीत वापरा.

पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला जाणं झालं तर भिलारला थांबा. ४ मे २०१७ रोजी सुरू झालेलं हे 'पुस्तकांचं गाव'. गावातल्या घरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत; एका घरात बालसाहित्य, दुसरीकडे इतिहास. प्रकार म्हणजे काय हे चालत फिरून समजतं. कुणी विकत घ्या म्हणत नाही, बसा आणि वाचा.

पायरी ५ : दिवाळी अंकांचा चाखून पाहायला उपयोग करा

'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. नव्या वाचकाला याचा फायदा असा की एका अंकात वीस-पंचवीस लेखक एकदम भेटतात. कथा नाही आवडली तर पान उलटायचं, पुस्तक विकत घेतल्याची टोचणी नाही. रहस्य आणि गूढ हवं तर 'धनंजय', 'नवल'. विनोद हवा तर 'आवाज'. गंभीर साहित्य हवं तर 'मौज', 'अक्षर', 'मुक्त शब्द'. सामाजिक विषय हवे तर 'साधना'. सगळे विकत घेणं परवडत नाही आणि तशी गरजही नाही. अनेक ग्रंथालयं दिवाळीनंतर एकरकमी वर्गणीत सगळे अंक आळीपाळीने वाचायला देतात. ज्या लेखकाची कथा दुसऱ्या दिवशीही डोक्यात राहिली त्याचं नाव टिपा, आणि त्याचं पुस्तक शोधा. आजचे लेखक सापडण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

पायरी ६ : पुरस्कारांच्या याद्या वाचा, पण उलट्या क्रमाने

ज्ञानपीठ मराठीला चौघांच्या रूपाने मिळालं: खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३), नेमाडे (२०१४). ही यादी मानाची. नवख्याने तिच्यापासून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही. त्यापेक्षा साहित्य अकादमीच्या याद्या कामाच्या, कारण त्या दरवर्षी वाढतात. त्यांतही आधी बाल साहित्य पुरस्कार, मग पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी असलेला युवा पुरस्कार, आणि शेवटी मुख्य पुरस्कार असा क्रम लावा. युवा यादीतून नवनाथ गोरेंची 'फेसाटी' हाती लागते, मुख्य यादीतून किरण गुरव यांची 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' आणि प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'. पुरस्कार मिळाला म्हणजे पुस्तक वाचनीय असेलच असं नाही. एक-दोन जाणत्या माणसांनी ते लक्ष देऊन वाचलंय, एवढीच ती हमी.

पुस्तकाच्या सुरुवातीचं, वर्ष आणि आवृत्ती छापलेलं पानही असंच वाचता येतं. पहिली आवृत्ती केव्हाची आणि हातातली कितवी, हे पाहा. चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक अजून नव्याने छापलं जात असेल तर वाचक ते मागतायत. वर्षभरात दहा आवृत्त्या दिसल्या तर मात्र हुरळून जाऊ नका. एक आवृत्ती किती प्रतींची, ते तिथे सहसा लिहिलेलं नसतं.

पायरी ७ : पैसे टाकण्याआधी

प्रकाशकांची ओळख हळूहळू होते आणि ती फार उपयोगी पडते. साहित्याचं वजनदार काही म्हटलं की मौज आणि पॉप्युलर, अनुवादांसाठी मेहता, ललितेतर आणि माहितीपर पुस्तकांसाठी राजहंस, मनोविकास, रोहन, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच तो, अपवाद भरपूर. एखाद्या प्रकाशकाची तीन पुस्तकं आवडली तर त्याची पुस्तकसूची मागून घ्या. शेवटच्या पानांवर छापलेल्या आगामी-उपलब्ध पुस्तकांच्या जाहिरातीही वाचत चला.

'बुकगंगा'सारख्या संकेतस्थळावर बऱ्याच पुस्तकांची काही पानं चाळायला मिळतात. त्यांतलं पहिलं पान न वाचता मधलं वाचा. पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. दुकानात उभ्याउभ्या हेच करा. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात सवलत चांगली असते, फक्त गर्दीत भरमसाट खरेदी होते आणि निम्मी पुस्तकं कपाटात जाऊन झोपतात. दोन घ्या, संपवा, मग पुढची.

पदपथावर मिळणाऱ्या अर्ध्या किमतीच्या कोऱ्या 'मृत्युंजय'पासून लांब राहा. जुनी, वापरलेली प्रत घेण्यात काही गैर नाही. पण नवी कोरी, कागद पातळ, अक्षरं फिकट आणि एखादं पान गायब, अशी असली तर ती चोरून छापलेली असते. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफचंही तेच. मराठी लेखकाला मानधन मुळात बेताचंच मिळतं.

फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर जागा आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे ह. ना. आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी आता सगळ्यांचे झाले आहेत, आणि मराठी विकिस्रोतावर असं बरंच साहित्य मिळतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेऊ देतं. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं वाटतं. त्यात दर्जा कमी-जास्त आहे, निवडून घ्यावं लागतं.

पायरी ८ : पन्नास पानांनंतर हिशेब करा

पन्नास पानं झाली आणि पुढे काय होतं याची ओढ नसेल तर पुस्तक बंद करा. पुस्तक बारीक असेल तर तीसच पानं द्या. सोडताना वहीत एक ओळ लिहा: का सोडलं? भाषा जड, माणसं फार, विषय नको होता, की झोपच आली होती. दहा-बारा पुस्तकांनंतर त्या ओळी सलग वाचल्या की आपली आवड आपल्याला कळते, आणि कुठल्याही ग्रंथपालाला नेमकं सांगता येतं. 'झोप आली होती' असं लिहिलेली पुस्तकं वर्षाने पुन्हा काढा.

महाराष्ट्राबाहेर असाल तर

गोव्यात असलात तर चिंताच नाही. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं आहे, आणि तिथे मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. बंगळूर, दिल्ली, इंदूर, बडोदा इथल्या महाराष्ट्र मंडळांत बहुधा कपाटभर पुस्तकं असतात, कधीकधी कुलूपबंद. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे पाठवतो. एका गटाने पेटी वाचून संपवली की ती दुसऱ्या गटाकडे जाते, आणि अशा पेट्या दुबईसारख्या ठिकाणीही पोचल्या आहेत. त्यासाठी आपल्या इमारतीत किंवा ओळखीत वाचणारी काही घरं जमवावी लागतात.

एवढं जमत नसेल तर ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक. स्टोरीटेलवर मराठीचा भरणा चांगला आहे, त्यातही रहस्य, भय आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. वाचून दाखवणाऱ्याचा आवाज आवडला नाही तर पुस्तकावर राग काढू नका, दुसरं लावा. परदेशात छापील पुस्तकं मागवताना टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून भारतातून येणाऱ्या माणसाच्या सामानात तीन-चार किलोची जागा आधीच सांगून ठेवलेली बरी. त्या तीन किलोंत 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड बसवायचे की सात-आठ बारीक पुस्तकं, हे पायरी दोन पाहून ठरवा.